एकशे ऐंशी व्होल्टवरचं भांडण

बडे अब्बा,

काल दुपारी तुमच्या दुकानाचं शटर मी उघडलं. अब्बांनी किल्ली माझ्या हातात दिली, पण स्वतः घरातच थांबले. आत वार्निशचा वास अजून तसाच आहे. टेबलावर एक मोटर अर्धी भरलेली आहे. निम्म्या खाचांत तांब्याची तार, निम्म्या रिकाम्या. ती कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही कधी लिहायचाच नाहीत, मोटरचं बूड बघून मालकाचं नाव सांगायचात. आता मालकालाच येऊन तिला ओळखावं लागेल.

मी तुमचं मीटर घेतलं आणि उगीचच सॉकेटमध्ये वायरी घातल्या. "एकशे ब्याण्णव," मी मोठ्याने म्हणाले. आकडा दिसला की तो मोठ्याने सांगायचा, मनात ठेवायचा नाही, हा तुमचा नियम होता. ऐकायला कुणी नव्हतं. मी शटर ओढलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुम्ही गेल्यापासूनच्या या पंधरा दिवसांत तुमच्याबद्दल लोकांनी खूप सांगितलं. किती गावांच्या मोटरी तुमच्या हातून गेल्या, तिसगावच्या बाजारच्या दिवशी दुकानासमोर कशी रांग लागायची, तुम्ही कुणाला कधी माघारी पाठवलं नाही. मी पडद्याआडून ऐकत होते. सगळं खरं आहे. पण ते चारचौघांत सांगण्यासारखं आहे. माझं आणि तुमचं जे राहिलंय ते वेगळं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि त्यात माझी चूक होती हे मला साडेतीन वर्षांपासून माहीत आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी दुकानात बसायला लागले ते घरात जागा नव्हती म्हणून. पाथर्डीहून शाळेची बस तुमच्या दुकानासमोर सोडायची. घरात लहान भावंडांचा गोंधळ, आणि दुकानात मागच्या भिंतीला लागून एक स्टूल रिकामं असायचं. मी तिथे बसून गृहपाठ करायचे. गिऱ्हाईक आलं की वहीत डोकं खाली घालायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "ही कोण?" तुम्ही सांगायचात, "धाकट्या भावाची. इंग्लिश मिडियमला हाय." मग गिऱ्हाईक म्हणायचं, "बोलत न्हाई का?" आणि तुम्ही पक्कड शोधत म्हणायचात, "बोलंल. घाई काय हाय?"

बोलण्याचा घोळच होता माझा. शाळेत इंग्रजी, घरात आपली हिंदी, आणि दुकानाच्या पायरीवर मराठी. तिन्ही ठिकाणी मला शब्द एक क्षण उशिरा सापडायचा, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असायचं. त्यामुळे मी बघायला शिकले. गिऱ्हाईक खरं सांगतंय की मोटर कोरडी चालवून लपवतंय, हे त्याच्या हातांवरून मला तुमच्याइतकंच कळायला लागलं होतं. फक्त मी ते कुणाला सांगायचे नाही.

दहावीला विजेचा धडा आला तेव्हा तुम्ही विचारलंत, "काय शिकवलं आज?"

"रेझिस्टन्स."

"म्हंजी?"

मी पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलीत. "आता मराठीत सांग."

मला येईना.

"कोन कोनाला अडवतंय, एवढं सांग."

"तार... करंटला अडवते."

"झालं की मग. त्याला एवढं लांबण कशाला?"

त्या दिवसापासून तुम्ही मला शिकवायला लागलात. तुम्ही सातवी शिकलेले, नगरला एका दुकानात दहा वर्षं हाताखाली काम केलेले. तुम्ही पहिली गोष्ट शिकवलीत ती 'लाईट' या शब्दाची. आपल्याकडे सगळ्यालाच लाईट म्हणतात. लाईट आली, लाईट गेली, लाईट कमी येती, ही मोटर लई लाईट खाती. "गिऱ्हाईक 'लाईट' म्हनलं," तुम्ही सांगितलंत, "की आपन मनात इचारायचं, कुठली लाईट? दाब? का वाहनारी? का काम करनारी? ह्या तीन येगळ्या हायेत. तिन्हीला एकच नाव हाय म्हनून लोकांचं भांडन होतं." दाब म्हणजे व्होल्टेज, वाहणारी म्हणजे करंट, काम करणारी म्हणजे पॉवर. आमच्या बाईंनी हेच तीन शब्द फळ्यावर लिहून त्यांची एककं पाठ करायला लावली होती. तीन वेगळ्या गोष्टी म्हणून त्या मला कळल्या त्या तुमच्याकडे.

मग बडी अम्मींची इस्त्री आणलीत. तिच्यावर हजार वॅट लिहिलेलं. "बघू खरं लिवलंय का," तुम्ही म्हणालात आणि टाँग टेस्टर माझ्या हातात दिलात. चिमट्यासारखं तोंड असलेलं ते मीटर मी पहिल्यांदाच धरलं. वायर कापायची नाही, सोलायची नाही, नुसती चिमट्यात घ्यायची की आत किती अँपिअर वाहतायत ते दिसतं. मी इस्त्रीची वायर चिमट्यात घेतली. शून्य. इस्त्री तापत होती, हात जवळ नेला तर चटका बसेल इतकी, आणि मीटर शून्य.

"मीटर बिघडलंय," मी म्हणाले.

तुम्ही असे हसलात की रस्त्यापलीकडचा टायरवाला बघायला लागला. "वायर एक दिसती पन आत दोन हायेत, बेटा. एकीतनं जातंय, दुसरीतनं तेवढंच माघारी येतंय. दोन्ही एकदम धरल्या की फिटंफीट. शून्यच दावनार." मग तुम्ही ड्रॉवरमधून वीतभर वायरीचा एक तुकडा काढलात. त्याचं वरचं आवरण सोलून आतल्या दोन तारा वेगळ्या केलेल्या, दोन्ही टोकांना प्लग आणि सॉकेट. तो मध्ये जोडून मी एकच तार चिमट्यात घेतली. चार पूर्णांक तीन.

"दाब?"

"दोनशे तीस."

त्या दुपारी लाईट चांगली होती. मी वहीत भागाकार केला. दोनशे तीस भागिले चार पूर्णांक तीन. "साडेत्रेपन्न ओहम," मी म्हणाले. "एवढा रेझिस्टन्स." मग गुणाकार. "नऊशे एकोणनव्वद वॅट."

"म्हंजी कंपनी अकरा वॅटचंच खोटं बोलली," तुम्ही म्हणालात. "चालतंय."

संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे आणि टीव्ही सुरू झाले, डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार आला आणि व्होल्टेज पडलं. तुम्ही मला परत मोजायला लावलंत. एकशे ऐंशी. करंट तीन पूर्णांक छत्तीस. मी भागाकार केला तर रेझिस्टन्स जवळपास तेवढाच. इस्त्री तीच, तिची अडवणूक तीच. पण गुणाकार केला तर सहाशे पाच वॅट. हजारची इस्त्री संध्याकाळी सहाशेची झाली होती. बडी अम्मी दारात उभ्या होत्या. "घर में मेहमान आके बैठे, और ये दोनों इस्त्री लेके हिसाब कररे," त्या म्हणाल्या. पण सहाशेचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. संध्याकाळी कपड्यांच्या सुरकुत्या जात नाहीत म्हणून त्या कित्येक वर्षं इस्त्रीला नावं ठेवत होत्या.

मला त्या दिवशी वाटलं की मला वीज कळली. दाब कमी, तर करंट कमी, तर काम कमी. डोळ्यांनी बघितलं होतं, हाताने मोजलं होतं, पुस्तकात छापलेलं होतं. त्या वयात एवढे तीन पुरावे पुरतात.

एकदाच मी तुम्हाला अडकवलं होतं. एक मोटर दुरुस्त होऊन पडली होती. मी तिच्या दोन टोकांना मीटर लावलं तर रेझिस्टन्स आला दोन ओहम. मी भागाकार केला आणि घाबरले. "बडे अब्बा, दोनशे तीस भागिले दोन, एकशे पंधरा अँपिअर! ही तर लावल्या लावल्या पेटेल."

"चालू केली की नऊ खाती ती."

"मग बाकीचे कुठे गेले? कोण अडवतंय?"

तुम्ही म्हणालात, "फिरती म्हनून."

"म्हणजे?"

"फिरती म्हनून कमी खाती. अडकली, फिरली न्हाई, तर मग बघ कशी खाती. दोन मिनिटांत धूर."

मला ते उत्तर वाटलंच नाही. मुलांना गप्प करायला मोठी माणसं देतात तसलं काहीतरी वाटलं. फिरण्याचा आणि अडवण्याचा काय संबंध? मी तोंडाने काही बोलले नाही. पण मनात तुम्हाला मार्क कापले, हे आज सांगते.

आणि मग त्या दिवाळीच्या सुट्टीत भाऊसाहेब काका आले.

त्यांचा वस्तीवरचा गोठा, दहा-बारा गाई, आणि गोठ्यामागच्या बोअरवर सिंगल फेजची मोटर. ती तुम्ही बांधून दिली होती आणि दीड महिन्यात परत जळाली होती. त्यांनी ती खताच्या गोणीत गुंडाळून मोटरसायकलला आडवी बांधून आणली होती. दुकानात चहा चालला होता. टायरवाले मामू होते, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी मागे स्टुलावर होते.

"मिस्त्री," भाऊसाहेब काका गोणी खाली टेकवत म्हणाले, "ही तुमची वायडिंग हाय का गंमत? गाई वरडत्यात तिकडं. मी टँकर आनू का रोज?"

तुम्ही गोणी सोडलीत. वास घेतलात. "भाऊसाहेब, वायडिंगचं न्हाई हे. वस्तीवर दाब किती येतो तुमच्या?"

"मला काय म्हाईत दाब-बिब? लाईट येती."

"एकशेऐंशीच्या वर येत नसंल. दाब पडला की मोटर जादा अँपिअर खाती. तार तापती, तापती, अन् एक दिवस जळती. दुसरा कोनी बांधली तरी हेच व्हनार."

आणि मी बोलले. अजूनही मला कळत नाही कसं. शब्द उशिरा सापडायच्या ऐवजी त्या दिवशी आधीच तोंडात होता.

"नाही, बडे अब्बा. व्होल्टेज कमी झालं तर करंट कमी होतो. वाढत नाही. आय इज इक्वल टू व्ही अपॉन आर. आपण मोजलं होतं ना, इस्त्रीवर?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मामूंचा कप हातातच राहिला.

"ऐका!" भाऊसाहेब काका म्हणाले. "आता बोला मिस्त्री. तुमच्याच घरची मॅडम सांगती, ते बी इंग्लिशमधी. मग माझी मोटर जळाली कशानं? वायडिंगनंच की!"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, चिडलाही नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आसंल."

एवढंच. आसंल. मग भाऊसाहेबांना म्हणालात, "ठिवा मोटर. परत बांधून देतो. पैसं देऊ नका."

ते गेल्यावर मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी बोलाल. रागवाल, किंवा शाबास म्हणाल. तुम्ही मोटर उघडून जळलेली तार ओढून काढायला लागलात. रात्री जेवताना मी अब्बांना सांगितलं की आज मी बडे अब्बांची चूक दाखवून दिली. अब्बा खूश झाले. फी भरलेली वाया गेली नाही, असं काहीतरी म्हणाले. मला अभिमान वाटला. त्या अभिमानावर मी पुढे डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घेतलं, नगरला हॉस्टेलवर राहिले, वर्गात साठ जणांत आम्ही सात मुली होतो तरी पहिल्या बाकावर बसले. दुकानातल्या त्या दुपारी मी चारचौघांत बोलले होते आणि आभाळ कोसळलं नव्हतं. हे एकदा कळल्यावर पुढचं थोडं सोपं गेलं.

दुसऱ्या वर्षाला मोटरींचा विषय आला. सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि सांगायला लागले. मोटर फिरायला लागली की तिच्या आतच उलटा दाब तयार होतो. तो बाहेरून येणाऱ्या दाबाला अडवतो. म्हणून चालत्या मोटरमध्ये करंट कमी असतो. मोटर थांबलेली असेल तर अडवायला नुसती तांब्याची तार उरते, आणि मग करंट भरमसाट वाढतो.

फिरती म्हनून.

सर पुढे सांगतच होते. इस्त्री नुसती तापते, तिला कुणी ठरावीक काम सांगितलेलं नसतं. दाब कमी मिळाला तर ती कमी तापून गप्प बसते. मोटरवर पाण्याचं ओझं असतं. पाणी तेवढंच वर चढवायचं असतं. दाब पडला की मोटर थोडी मंदावते, तिचा उलटा दाब कमी होतो, आणि ती जास्त करंट ओढून काम भागवायला बघते. मी वहीच्या कोपऱ्यात हिशोब केला. पॉवर फॅक्टर वगैरे सोडून, नुसता ढोबळ. दोनशे तीस गुणिले नऊ, दोन हजार सत्तर. भागिले एकशे ऐंशी. साडेअकरा. नऊची मोटर साडेअकरा खाते. तापते, तापते, आणि एक दिवस जळते.

दहावीच्या पुस्तकात दोन्ही सूत्रं एकाच धड्यात होती. एक अडवणुकीचं आणि एक कामाचं. मी तुमच्या मोटरला इस्त्रीचं सूत्र लावलं होतं. लोकांसमोर लावलं होतं. आणि तुम्ही 'आसंल' म्हणून ती मोटर फुकट बांधून दिली होती.

मग मला बाकीचंही आठवायला लागलं. त्याच वर्षी चौकात वायडिंगचं दुसरं दुकान निघालं होतं. बाजारच्या दिवशीची रांग कमी झाली होती. बडी अम्मी एकदा म्हणाल्या होत्या की आजकाल लोक उगीच नावं ठेवतात. हे सगळं माझ्या त्या एका वाक्यामुळे झालं, असा हिशोब मी मनात मांडला. तो बरोबर होता की नाही ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराचीच भीती होती.

तुम्हाला सांगायचं मी तीन वेळा ठरवलं. पहिल्यांदा हॉस्टेलवरून फोन केला. तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" मी म्हणाले, हो. तुम्ही म्हणालात, "पानी बरोबर येतं का तिथं?" मी म्हणाले, येतं. मग मी फोन ठेवला. दुसऱ्यांदा ईदला. घर माणसांनी भरलेलं, तुम्ही शीरखुर्म्याच्या वाट्या स्वतः वाटत होतात. मी दोनदा तुमच्या मागे मागे गेले आणि तुम्ही दोन्ही वेळा माझ्याच हातात वाटी दिलीत. तिसऱ्यांदा सुप्याच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा. पेढे घेऊन दुकानात आले. तुम्ही विचारलंत, काम काय? मी सांगितलं, पॅनेल तपासायचे, व्होल्टेज आणि करंट मोजायचे, आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे. "म्हंजी माझंच काम," तुम्ही म्हणालात, "फक्त पंख्याखाली बसून." तुम्ही इतके आनंदात होतात की मी जुनं काढलं नाही. काढायला हवं होतं. पेढा तोंडात ठेवून म्हणता आलं असतं, बडे अब्बा, त्या दिवशी मी चुकले होते. चार-पाच शब्द आहेत.

जियारतच्या दिवशी, म्हणजे तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, घराबाहेर, दुकानासमोर खुर्च्या टाकल्या होत्या. माणसं बसली होती. अब्बांनी पाणी मागितलं आणि आत दुसरं कुणी नव्हतं म्हणून ट्रे घेऊन मी बाहेर गेले. तिसऱ्या खुर्चीवर भाऊसाहेब काका होते. केस पांढरे झालेत आता. मी त्यांच्यासमोर ट्रे धरला, त्यांनी ग्लास उचलला, आणि मी तिथेच उभी राहिले. पुढच्या माणसाचा हात ट्रेकडे आला होता, तो तसाच थांबला.

"काका," मी म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी तुमची मोटर जळाली होती. मी म्हणाले होते, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. ते चूक होतं. मोटरमध्ये वाढतो. बडे अब्बा बरोबर सांगत होते. त्यांच्या वायडिंगमध्ये काहीच दोष नव्हता." अब्बा माझ्याकडे असे बघत होते जणू मी परक्या घरातली आहे.

भाऊसाहेब काकांनी पाणी पिऊन ग्लास ठेवला. "आगं, मला तव्हाच म्हाईत हाय ते."

"तेव्हाच?"

"दुसऱ्या दिवशी तुजा चुलता सोताच मोटर घेऊन वस्तीवर आला हुता. सायकलवर. मोटर सोडली बोअरमधी, चालू केली, अन् ते चिमट्याचं मीटर लावून दावलं मला. सांच्याला परत थांबला, दाब पडल्यावर परत दावलं. साडेनऊ हुतं ते अकराच्या वर गेलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग स्टार्टरला काय तरी बसवून दिलं, दाब पडला की मोटर बंद व्हती. तवापासून जळाली न्हाई ती. सहा वर्सं झाली."

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं?"

काका जरा हसले. मग बाकीच्यांकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "मी बी इचारलं त्यांना. म्हनलं, मिस्त्री, काल तिथंच का न्हाई बोलला? पोरीनं पार फजिती केली तुमची. तर म्हनले, भाऊसाहेब, ती पोरगी माझ्या दुकानात दोन वर्सं बसती. काल पयल्यांदा मान्सात बोलली. तिथंच खोडली आसती तर परत तोंड उघडलं नसतं तिनं. मोटर काय, परत बांधता येती. म्हनले, तुमी बी तिला कदी काय बोलू नका. म्हनून न्हाई बोललो."

टायरवाले मामू मान हलवत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. कदाचित सगळ्या तिसगावला माहीत होतं, मी सोडून.

मी आत जाणार होते. पण भाऊसाहेब काकांनी मला थांबवलं. "बरं, आलीच हायेस तर सांग. मळ्यात नवी बोअर घेतलीय. त्याच मोटरसारखी मोटर घालायचीय. दुकानदार म्हनतो बारीक केबल चालंल, स्वस्तात व्हईल. घालू का?"

मी ट्रे पायरीवर टेकवला.

"लाईटच्या मीटरपासून बोअर किती लांब आहे?" मी विचारलं.

"आसंल साडेतीनशे, चारशे फूट."

"मग बारीक नका घालू. तार जेवढी लांब आणि जेवढी बारीक, तेवढी ती स्वतःच अडवणार. तुमच्याकडे आधीच दाब कमी येतो, त्यातला आणखी वायरीतच जाईल आणि मोटरपर्यंत पोहोचणारच नाही. मी दोन दिवसांत येते, दाब मोजते आणि जाडी काढून देते. तोपर्यंत केबल आणू नका."

"या," भाऊसाहेब काका म्हणाले. मला. या.

त्या दिवशी आत येऊन मी रडले, पण त्यात रागही होता, तो तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही माझी चूक तशीच का राहू दिलीत? लोकांसमोर नाही, ठीक आहे. पण नंतर? दुकानात आपण दोघंच असताना किती दुपारी होत्या. 'बेटा, मोटरचं वेगळं असतं' एवढं म्हणायला काय झालं होतं? मी साडेतीन वर्षं मनात ओझं घेऊन फिरले आणि तुम्ही ते प्रकरण दुसऱ्याच दिवशी सायकलवर जाऊन मिटवून आला होतात. बहुतेक तुम्ही वाट बघत होतात की मी स्वतः शोधून काढेन आणि येऊन सांगेन. मी शोधून काढलं. येऊन सांगितलं नाही. तेवढा भाग माझा आहे, तो मी मान्य करते.

कारखान्यात माझ्या हाताखाली आता दोन नव्या मुली आहेत. त्यांनी चुकीचा आकडा वाचला तर मी तिथल्या तिथे थांबवते. चुकीच्या आकड्यावर पुढे कुणाचा तरी हात भाजतो, म्हणून. तुमची पद्धत मला पटलेली नाही, बडे अब्बा. तुम्ही समोर असता तर मी यावर तासभर वाद घातला असता, आणि तुम्ही पक्कड शोधत 'आसंल' म्हणाला असतात, आणि मला शेवटपर्यंत कळलं नसतं की तुम्ही हरलात की मला जिंकू दिलंत.

पण एक गोष्ट मला खोडता येत नाही. त्या दुपारी तुम्ही भाऊसाहेबांसमोर 'न्हाई बेटा, चुकतीस' म्हणाला असतात, तर जियारतच्या दिवशी मी सगळ्यांना पाणी देऊन, रिकामा ट्रे घेऊन, एक शब्द न बोलता आत निघून गेले असते. तेवढा मुद्दा तुमचा. बाकीचं मी अजून सोडलेलं नाही.